कंबरेवरचे कप आणि आपलं रक्त

(पोळ्यानंतर कोहमारा येथे झालेल्या महासंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. ज्या ताया सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



रोवणी आटोपली, पोळा झाला, आता कुठे जरा टेकायला वेळ मिळाला. पण सतरंजीवर बसताना किती जणींनी कंबरेवर हात ठेवला, ते मी इथून पाहत होते. हसू नका, खरंच पाहत होते. अर्ध्याहून जास्त जणी होत्या.

बचत, कर्ज, परतफेड हे विषय अध्यक्ष ताई नंतर घेणारच आहेत. मी आज फक्त कंबरेबद्दल बोलणार आहे. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते.

मागच्या उन्हाळ्यात एका गटाच्या बैठकीत एका काकूंनी अंतर्गत कर्ज मागितलं. तीन हजार रुपये. कशासाठी, असं सचिवांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "कंबरेला कप लावाचे आहेत वो. बाजारात तंबू लागला आहे. सहा वेळा जावं लागते, एका वेळचे पाचशे." त्यावर दुसऱ्या एका ताईने विचारलं, "त्यानं फरक पडते का खरंच?" आणि सगळ्याजणी माझ्याकडे पाहू लागल्या. मी समाजकार्य शिकले आहे. गट कसा बांधायचा, योजना कशी मिळवायची, हे मला शिकवलं. कपाबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. पण माहिती नाही असं म्हणायची लाज वाटली. मी म्हणाले, "करून पाहा काकू, काय बिघडते?" कर्ज मंजूर झालं.

पहिल्या दोन वेळा काकूंना बरं वाटलं. दोन दिवस कंबर हलकी वाटायची, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तंबूतला माणूस म्हणाला, नुसतं ओढून भागत नाही, आतलं घाण रक्त काढावं लागेल. त्याने ब्लेडने पाठीवर बारीक बारीक चिरा मारल्या आणि वर कप लावून रक्त ओढलं. संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या काकूंना भोवळ आली. आशाताईंनी दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन निघालं ७.८. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ किंवा जास्त असायला हवं. आठच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. काकूंना पाळीत जास्त रक्त जात होतं, ते कित्येक महिन्यांपासून. ते कोणी विचारलंच नव्हतं. तंबूतल्या माणसाने नाही आणि मीही नाही.

काकू आता बऱ्या आहेत. आज इथेच, आपल्यात बसल्या आहेत. "माझं नाव नको घेऊ, पण सांग सगळ्यायले," असं त्यांनीच मला म्हटलं. म्हणून मी नीट माहिती काढली. डॉक्टरांना विचारलं, फिजिओथेरपिस्ट ताईंकडे जाऊन बसले, या विषयावर जे अभ्यास झाले ते वाचले. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, ही पद्धत काही काल-परवाची नाही. आपल्या आज्यांना विचारा, त्या म्हणतील, तुंबडी लावायचे. वैदू लोक गावोगाव फिरायचे, जनावराचं शिंग किंवा पोकळ केलेला भोपळा दुखऱ्या जागी लावायचे आणि तोंडाने हवा ओढून घ्यायचे. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शृंग म्हणजे शिंग, अलाबू म्हणजे भोपळा आणि जलौका म्हणजे जळू, या तिन्हींचं वर्णन आहे. युनानी वैद्यकात यालाच हिजामा म्हणतात. चीनमध्येही हे जुनं आहे. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स पाण्यात उतरला, तेव्हा त्याच्या खांद्यावर असेच गोल गोल डाग होते. ते जगभर टीव्हीवर दिसले आणि शहरांत कपाची फॅशन आली. आता ती आपल्या आठवडी बाजारापर्यंत आली आहे.

म्हणजे याला अडाणीपणा म्हणून हसायचं कारण नाही. पण जुनं आहे म्हणून डोळे मिटून घ्यायचंही कारण नाही. कप लावल्यावर आत नेमकं काय होतं, ते आधी समजून घेऊ.

लहान पोरं पाण्याचा पेला तोंडाला लावून हवा आत ओढतात. पेला तोंडाला चिकटतो आणि काढला की ओठाभोवती लाल गोल उमटतो. आपण रागावतो, "काय करून घेतलं रे तोंडाचं!" कपाचं तत्त्व तेच आहे. कधी कपात कापसाचा बोळा पेटवून आतली हवा तापवतात. ती थंड झाली की आकसते आणि कातडी वर ओढली जाते. आजकाल प्लास्टिकचे कप असतात, वर छोटासा पंप लावून हवा काढून घेतात. हँडपंपाने पाणी वर येतं, तसं इथे कातडी आणि तिच्याखालचं मांस थोडं वर येतं.

कातडीत केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या असतात. ओढ बसली की त्या फुगतात, त्यांत जास्त रक्त भरतं. शास्त्रज्ञांनी हे प्रकाशाच्या यंत्रांनी मोजलं आहे. कप काढल्यावर त्या जागेच्या कातडीतला रक्तप्रवाह आधीपेक्षा वाढलेला दिसतो. जागा गरम लागते, लाल होते, जड कंबर मोकळी झाल्यासारखी वाटते. तेव्हा "कपाने रक्त फिरते" असं जे म्हणतात, त्यात तथ्य आहे. काकूंना बरं वाटलं तेही खोटं नव्हतं.

पण इथे तीन गोष्टी नीट लक्षात घ्या.

एक. हा वाढलेला प्रवाह मुख्यतः कातडीत आणि तिच्या लगतच्या थरात असतो आणि तो थोड्या वेळासाठी असतो. ओढ संपली की वाहिन्या पुन्हा पहिल्यासारख्या होतात.

दोन. तो जांभळा-काळा डाग म्हणजे घाण रक्त नव्हे. ओढ जास्त झाली की त्या बारीक वाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीखाली सांडतं. खाटेच्या पायाला मांडी आपटल्यावर काळंनिळं पडतं ना, तसाच हा डाग. आठ-दहा दिवसांत शरीर ते रक्त शोषून घेतं आणि डाग जातो. "जितका काळा डाग, तितकी जास्त घाण" असं कोणी म्हणालं तर समजायचं, याने जोरात ओढलं एवढंच खरं. आपल्या अंगात चांगलं रक्त एकीकडे आणि घाण रक्त पाठीत साठलेलं, असं काही नसतं. तेच रक्त सतत फिरत असतं आणि ते गाळून साफ करायचं काम मूत्रपिंड रात्रंदिवस करतं. फुकटात करतं.

तीन. कंबरदुखी त्याने बरी होते का? २०२१ साली ब्राझीलमधल्या एका अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला. बरेच दिवस कंबर दुखणारे ९० लोक त्यांनी घेतले. अर्ध्यांना खरे कप लावले. उरलेल्यांना दिसायला तसेच, पण बारीक छिद्रं असलेले कप लावले. त्या छिद्रांतून हवा आत शिरायची आणि ओढ काही क्षणांत संपायची. आठवड्यातून एकदा, असं आठ आठवडे. कोणाला कोणता कप लागला ते लोकांना सांगितलं नव्हतं. शेवटी पाहिलं तर खऱ्या कपाने छिद्रवाल्या कपापेक्षा दुखणं काही जास्त कमी झालं नव्हतं. दुसऱ्या काही अभ्यासांत थोडे दिवस आराम मिळाल्याचं दिसतं, पण त्यातले बरेच अभ्यास छोटे आहेत. मग बरं का वाटतं? कोणीतरी आपल्याकडे लक्ष दिलं, अर्धा तास आपण पालथं पडून राहिलो, पाठीला ऊब मिळाली, त्यानेही वाटतं. विचार करा, आपल्यापैकी किती जणींना घरी अर्धा तास पडून राहायला मिळतं?

आता आपली कंबर मुळात दुखते कशाने, ते पाहू. पहाटे उठून गुंड डोक्यावर, मग सकाळपासून बांधीत. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या फेकायच्या आणि दिवसभर वाकून रोवायचं. ठेक्याने काम असलं तर मान वर करायलाही फुरसत नाही. उन्हाळ्यात मोहफूल वेचायला वाकायचं, तेंदूपत्ता तोडायला वाकायचं. वाकून राहिलं की पाठीचे स्नायू आणि त्यांचे बंध तासन्‌तास ताणलेले राहतात. सतत ताणलेल्या स्नायूत रक्त मोकळं फिरत नाही, तो आखडतो. मणक्यांच्या मध्ये ज्या गाद्या असतात, त्यांना तर मोठेपणी स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. आजूबाजूच्या हाडांतून जे झिरपेल त्यावर त्या जगतात. आपण वाकतो, सरळ होतो, चालतो, तेव्हा गादी दबते आणि सुटते आणि ते झिरपणं चालू राहतं. वरून कितीही कप लावले तरी त्या गादीत रक्त जाणार नाही. ते काम हालचालीचं आहे.

आता सगळ्याजणी माझ्यासोबत करा. हाताची मूठ घट्ट आवळा. सोडू नका. मी वीसपर्यंत मोजते. झालं? आता उघडून तळहात पाहा. पांढरा पडला ना? आता दहा वेळा मूठ उघडा, मिटा. पाहा, लाली आली. पैसा लागला का? कप लागला का? वाकून राहिलेल्या पाठीची गत त्या आवळलेल्या मुठीसारखी असते. तिला मूठ उघडायला पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचं. चिरा मारून रक्त काढू देऊ नका. याची कारणं आपल्या घरातली आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २१ मध्ये झालं. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. म्हणजे या सभेत शंभरजणी असतील तर चोपन्न. जिच्या अंगात आधीच रक्त कमी, तिचं आणखी रक्त काढून कंबर कशी बरी व्हायची? उलट रक्त कमी असलं की थकवा, धाप, अंगदुखी वाढते.

दुसरं, ब्लेड. एकाची वापरलेली ब्लेड किंवा नीट न धुतलेला कप दुसऱ्याला लावला तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही, या तिन्हींचा धोका असतो. जखम पिकते ती वेगळीच. पेटत्या बोळ्याने पाठ भाजू शकते. मधुमेह असलेल्या बाईची जखम लवकर भरत नाही.

तिसरं, सिकलसेल. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते तुम्हाला सांगायला नको. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि पुढे रक्त जात नाही. मग पाठ, कंबर, हातपाय भयंकर दुखतात. त्या दुखण्याला बाहेरून ओढून रक्त मोकळं होत नाही. पेशंटला भरपूर पाणी पाजून ताबडतोब दवाखान्यात नेलं पाहिजे. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. घरात कोणी पेशंट किंवा वाहक असेल, तर तुमचीही तपासणी झाली आहे का, हे आज घरी जाऊन पाहा.

गरोदर बाईने, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असणाऱ्यांनी आणि कातडीवर जखम किंवा खरूज असणाऱ्यांनी तर कोरडे कपही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावून घेऊ नयेत. आणि कोणाला कप लावूनच पाहायचे असतील, तर मी भांडायला येणार नाही. पण कोरडेच लावा आणि लावणारा कोण ते विचारा. युनानी आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांची महाराष्ट्रात सरकारी परिषदेकडे नोंदणी असते. "डॉक्टर, तुमचा नोंदणी क्रमांक सांगा," असं विचारायला घाबरू नका. बँकेत आपण मॅनेजरला प्रश्न विचारायला शिकलो ना, मग इथे का नको?

मग कंबरेसाठी करायचं काय? फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला जे शिकवलं ते सांगते.

रोवताना बांधीची एक ओळ संपली की सरळ उभं राहा. दोन्ही हात कंबरेवर ठेवून हळूच पाच वेळा मागे वाका. गटाने रोवणीला जाता तेव्हा एकीने हाक द्यायची आणि सगळ्यांनी मिळून करायचं, म्हणजे एकटीला कोणी आळशी म्हणणार नाही. गुंड किंवा भारा उचलताना गुडघ्यात वाका, वजन छातीशी धरा आणि उचलल्यावर कंबरेत पिळू नका. रात्री पाठीवर झोपून एक एक गुडघा पोटाशी घ्या, दहा वेळा. गरम पाण्याच्या पिशवीने शेका, त्यानेही कातडीतलं रक्त फिरतं आणि पाचशे रुपये लागत नाहीत. कंबर धरली तरी आठ-आठ दिवस खाटेवर पडून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर सूचना काढल्या, त्यातही व्यायाम आणि आजाराची समज यांना महत्त्व दिलं आहे. बाजारात मिळणारे कंबरपट्टे नेहमी वापरू नयेत, असंही त्यात म्हटलं आहे. कित्येक जणींनी तेही घेऊन ठेवले आहेत, मला माहीत आहे.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर शेक आणि व्यायाम करत बसायचं नाही, थेट डॉक्टरकडे जायचं. पायात मुंग्या येऊन पाय लुळा पडणं. लघवी-संडासचा ताबा जाणं किंवा मांड्यांच्या मधल्या जागेची जाणीव जाणं, हे झालं तर त्याच दिवशी जायचं. कंबरदुखीसोबत ताप, वजन उतरणं, रात्री झोपू न देणारं दुखणं, कारण मणक्याचा टीबीही असतो. पडल्यावर सुरू झालेलं दुखणं. लघवीला जळजळ. पाळीत जास्त रक्त जाणं किंवा अंग बाहेर येणं. ही शेवटची दोन आपण कोणालाच सांगत नाही, कंबर दुखते एवढंच सांगतो. आशाताईंना सांगा. उपकेंद्रात सांगा. तिथून सडक अर्जुनीचं ग्रामीण रुग्णालय आणि गरज पडली तर गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

शेवटी गटाबद्दल. आपला पैसा दहा-दहा, वीस-वीस रुपयांनी जमा झालेला आहे. आजारपणाचं कर्ज नाकारू नका, त्यासाठीच तर गट आहे. माझी विनंती तीन गोष्टींची. एक, उपचारासाठी कर्ज मागणाऱ्या ताईला आधी एकदा सरकारी दवाखान्यात दाखवायला सोबत न्या, एकटीला पाठवू नका. दोन, "सहा वेळा यावं लागेल" असं सांगणाऱ्याला पूर्ण पैसे आधी देऊ नका. तीन, पुढच्या मासिक सभेत उपकेंद्राच्या ताईंना बोलावून सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेऊ. कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी घ्यायची नाही.

त्या काकूंच्या कर्जाचे दीड हजार खर्च झाले, दीड हजार उरले होते. उरलेल्या पैशांतून त्यांनी पाळीच्या त्रासाची तपासणी केली, त्यावर उपचार झाले. परवा भेटल्या तेव्हा हिमोग्लोबिन १०.९ होतं. कंबर अजून दुखते, पण या वर्षी त्या रोवणीला गेल्या आणि ओळ संपली की मागे वाकायची हाक त्याच द्यायच्या.

आपल्याकडे म्हणतात, अमका आपली तुंबडी भरतो. तुंबडी कोणाच्या रक्ताने भरते ते आता तुम्हाला समजलं. पुढच्या वेळी कोणी मला विचारलं, "ताई, याने फरक पडते का?" आणि मला माहीत नसलं, तर मी सरळ म्हणेन, माहीत नाही, विचारून सांगते. तुम्हीही तसंच म्हणा. त्यात लाज नाही.

चला, आता उठा. हात कंबरेवर. हळूच मागे. एक...